विज्ञानकथेत उःशाप नसतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमच्या कथेत साल आहे २०८०. रत्नागिरीजवळच्या एका गावात शेतीची कामं यंत्रमानव करतात, होड्या आपोआप चालतात. तिथल्या एका पोरक्या मुलीला किनाऱ्यावर काळा दगड सापडतो. तो कानाला लावला की तिला गेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात आणि शेवटी आईचा आवाज येतो. ही कथा तुम्ही एका दिवाळी अंकाच्या विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली. ‘कथा चांगली आहे, पण ही अद्भुतकथा झाली’ असा शेरा घेऊन ती परत आली. तुम्ही विचारता: भविष्यकाळ आहे, यंत्रमानव आहेत, दगडातून ‘विशिष्ट लहरी’ निघतात असंही लिहिलंय, मग कमी काय पडलं? आणि प्रकाशाहून वेगाने जाणारी यानं चालतात, भूतकाळात नेणारी यंत्रं चालतात, तर माझा दगडच का चालत नाही?

हा शेवटचा सवाल अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर बरेच परीक्षक देत नाहीत. मी गेली पंचवीस वर्षं विज्ञानकथा लिहितोय, त्यातली बारा-तेरा वर्षं दर उन्हाळ्यात स्पर्धेच्या कथांचे गठ्ठे वाचतोय. तुम्ही जेवढं सांगितलंत त्यावरून मला परीक्षकाचा शेरा पटतो. पण तो का पटतो हे कळलं नाही तर पुढची कथाही अशीच परत येईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

काही गोष्टी परिस्थितीवर असतात हे आधीच मान्य करतो. एखादा संपादक अंतराळयान दिसलं की ‘विज्ञानकथा’ हे लेबल लावून मोकळा होतो, दुसरा समीकरण दिसल्याशिवाय समाधानी होत नाही. कथा कधी लिहिली यानेही फरक पडतो. १८७७ मध्ये स्क्यापारेल्ली या इटालियन खगोलज्ञाने मंगळावर रेघा पाहिल्या, त्यांना लोकांनी ‘कालवे’ म्हटलं आणि पुढची कित्येक दशकं मंगळावरच्या कालव्यांच्या कथा आल्या. १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ने जवळून छायाचित्रं पाठवली. कालवे नव्हते, खड्डे होते. म्हणून त्या जुन्या कथा एका रात्रीत परीकथा झाल्या नाहीत. लिहिताना जे ज्ञान हाताशी होतं त्याच्याशी त्या प्रामाणिक होत्या. आज कुणी तेच कालवे जसेच्या तसे लिहिले, तर मात्र मी त्याला थांबवीन.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. विज्ञान ‘बरोबर’ असणं ही कसोटी नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांचा चंद्र. व्हर्नने १८६५ मध्ये आपली माणसं प्रचंड तोफेतून चंद्राकडे उडवली. वेल्सने १९०१ मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ कल्पिला, त्याला कॅव्होराइट असं नाव दिलं आणि त्याच्या जोरावर माणसं चंद्रावर नेली. व्हर्नला हे आवडलं नाही. आपण भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ शोध लावून मोकळा होतो, कुठे आहे तो धातू, दाखवा म्हणावं, अशी त्याची तक्रार होती.

आता व्हर्नची तोफ तपासून पाहू. लांबी ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर. तेवढ्या अंतरात गोळ्याला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग यायचा. हिशेब केला तर आतल्या माणसांना पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साधारण २२ हजार पट धक्का बसतो. ६० किलोच्या माणसावर तेराशे टनांचा भार. व्हर्नने धक्का झेलायला पाण्याची गादी ठेवली होती, पण त्या गादीने माणूस वाचणार नाही, त्याचा चिखल होईल. म्हणजे भौतिकशास्त्र वापरतो म्हणणाऱ्याचा आकडा चुकला. वेल्सचा पदार्थ तर अस्तित्वातच नाही, आणि असता तर अर्ध्या चाकाखाली तो ठेवून फुकटची ऊर्जा काढता आली असती, म्हणजे ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच मोडला असता. तरी दोन्ही कादंबऱ्या विज्ञानकथाच आहेत, आणि त्यांना तसं म्हणायला आजवर कुणाची हरकत दिसली नाही.

का, ते पाहायला कॅव्होराइटकडे नीट बघा. तो पत्रा पहिल्यांदा तयार होतो तेव्हा काय होतं? त्याच्यावरच्या हवेचं वजन जातं, आजूबाजूची जड हवा तिथे घुसते, तीही वजनहीन होऊन वर फेकली जाते आणि मोठं वादळ उठतं. घरांची नासधूस होते. पुढे गोलाकार यानाला कॅव्होराइटचे पडदे लावतात. हवा तो पडदा उघडायचा, म्हणजे त्या बाजूचा ग्रह ओढतो. वेल्सने एक अशक्य गोष्ट वाचकाकडून उसनी घेतली आणि मग तिचं व्याज पानोपानी फेडलं. जिथे काहीही घडू शकतं तिथे कशातच रस उरत नाही, अशा अर्थाचं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याच्या १८९७च्या अदृश्य माणसाचंही तसंच. शरीर अदृश्य होतं, कपडे होत नाहीत, म्हणून बिचारा ऐन थंडीत लंडनमध्ये उघडा फिरतो. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसतं. बर्फ अंगावर साठतं. कुत्र्यांना वास येतो. आपल्या गोष्टींतली अदृश्य करणारी टोपी यातलं काहीच मागत नाही. टोपी घातली की धोतर, उपरणं, हातातली तलवार सगळं एकदम नाहीसं. तिथे ते शोभतंच, कारण टोपी ही देणगी आहे आणि देणगीने अर्धवट काम करायचं नसतं.

‘देणगी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझी कसोटी इथून सुरू होते.

अद्भुतकथेत जगाला तुम्ही कोण आहात हे ठाऊक असतं. तुमचं कुळ, तुमचं पुण्य, तुमचं मन स्वच्छ आहे की नाही, तुम्ही म्हातारीला पाणी दिलंत की नाही. वर मिळतो तो या सगळ्यावरून, शापही त्यावरूनच. विज्ञानकथेतल्या जगाला तुमची ओळख नसते. दरीत पाय घसरला तर संतही पडतो आणि चोरही, एकाच वेगाने. त्या जगात वर देणारं कुणी नाही, तसं शाप देणारंही कुणी नाही. आणि मुख्य म्हणजे शाप नाही, त्यामुळे उःशापही नाही.

कालिदासाचं शाकुंतल आठवा. महाभारतातल्या मूळ कथेत शाप नाही. तो कालिदासाने आणला. शकुंतला दुष्यंताच्या विचारात हरवलेली, दुर्वास दारात येतात, तिचं लक्ष जात नाही. ‘ज्याच्या विचारात तू आहेस तो तुला विसरेल.’ प्रियंवदा धावत जाऊन विनवते, ऋषी थोडे विरघळतात: ओळखीची खूण पाहिली की शाप सुटेल. मग अंगठी पाण्यात पडते, राजा ओळखत नाही, कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी मिळते, राजाला सगळं आठवतं. या रचनेत एक विलक्षण गोष्ट आहे. राजाच्या मेंदूतून नेमकी एकच बाई पुसली जाते. राज्यकारभार आठवतो, मंत्री आठवतात, शिकारीला गेलो होतो हेही आठवत असावं, फक्त शकुंतला नाही. कुठलंही औषध इतकं हुशार नसतं. शाप असतो, कारण तो बोलणाऱ्याला शकुंतला कोण हे माहीत आहे आणि प्रियंवदेच्या डोळ्यांतलं पाणी दिसतं.

कार्यशाळेत नव्या लेखकांना मी नेहमी एक काम देतो. हीच गोष्ट विज्ञानकथा म्हणून लिहा. पहिल्या दिवशी सगळे दुर्वासांच्या जागी दाढीवाला शास्त्रज्ञ आणतात आणि अंगठीत चिप बसवतात. म्हणजे बदललं काहीच नाही, फक्त कपडे बदलले. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारायला लागलो की खरी गंमत येते. विस्मरण कशाने झालं? समजा, तपोवनातल्या एखाद्या फुलाच्या परागांनी. मग ते राजाच्या सारथ्यालाही व्हायला हवं. सैनिकांनाही. सगळे त्या आठवड्याचं सगळंच विसरतील, नुसतं प्रेम नव्हे. शकुंतला का नाही विसरली? ती तिथेच वाढली, तिच्या शरीराला सवय झाली असेल. मग कण्वांच्या आश्रमात येऊन गेलेल्या कुणालाच आश्रम आठवत नसेल! एका मुलीने यावर सुंदर कथा लिहिली: एक आश्रम, जो कुणाच्याच स्मरणात राहत नाही, आणि तिथल्या बायकांना हे ठाऊक आहे. येणारा प्रत्येक पुरुष वचन देतो आणि प्रामाणिकपणे विसरतो. तिच्या कथेत उःशाप नव्हता. कुणाच्या पाया पडून सुटका होणार नव्हती. सुटका करायचीच असेल तर त्या परागांचा स्वभाव समजून घेऊन, लिहून ठेवून, दोरीला गाठ मारूनच करावी लागणार होती. हा क्षण आला की मला कळतं, लेखक विज्ञानकथेत शिरला.

तुम्ही म्हणाल, पुराणांतही नियम असतात, परिणाम असतात. असतात, आणि त्यांना कमी लेखणाऱ्यांत मी नाही. ककुद्मी राजा आणि त्याची मुलगी रेवती यांची गोष्ट घ्या. मुलीला योग्य वर कोण, हे विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं असतं, म्हणून क्षणभर थांबतो. मग प्रश्न विचारतो. ब्रह्मदेव हसतो: ज्यांची नावं तू मनात धरलीस ते, त्यांची मुलं, नातवंडं, कुणीच आता नाही. इथल्या या थोड्या वेळात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटली. दोघं परत येतात तर माणसं बुटकी झालेली, आणि बलरामाशी लग्न लागतं तेव्हा उंच रेवतीला तो नांगराने खाली ओढून आपल्या मापाची करतो. काळ वेगळ्या गतीने वाहतो, जग बदलतं, परत आलेली मुलगी जगात मावत नाही. कल्पना इतकी समर्थ आहे की अनेकजण तिला आद्य विज्ञानकथा म्हणतात.

मी म्हणत नाही. कारण तिथे काळ संथ आहे तो ब्रह्मदेवाच्या थोरपणामुळे. तो ब्रह्मलोक आहे, एवढंच कारण आणि ते पुरेसं आहे. राजाने ‘असं का?’ विचारलं नाही, विचारण्याची सोयही नाही.

आता तीच गोष्ट दुसऱ्या अंगाने बघू. सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात १ वर्ष गेलं की पृथ्वीवर साधारण ७ वर्षं जातात. हे नुसतं कागदावरचं नाही. तुमच्या मोबाइलला जागा सांगणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं, वेग आणि गुरुत्व या दोन्हींचा परिणाम मिळून, रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते दुरुस्त करावं लागतं. मग २७ चतुर्युगं? एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं, म्हणजे एकूण ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. गाण्याची मैफल एका मुहूर्ताची, ४८ मिनिटांची धरली, तर प्रत्येक किलो वजनाला तेवढा वेग द्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे सूर्य ५ मिनिटांत चहूकडे फेकतो ती सगळी. बापलेकीचं वजन मिळून १२० किलो धरा. सूर्याची १० तासांची ऊर्जा, आणि यानाचं वजन मी अजून धरलेलंच नाही.

हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. एका मुलीच्या लग्नासाठी कुणाचा तरी सूर्य १० तास पूर्ण निचरून घ्यायचा! कुठला सूर्य? त्याभोवती कोण राहत होतं? त्यांना विचारलं का? हे प्रश्न ब्रह्मदेवाच्या गोष्टीत उद्भवतच नाहीत, कारण तिथे किंमत मोजावी लागत नाही. नियमाच्या जगात किंमत असतेच, आणि ती कोण मोजतो या प्रश्नात कथा दडलेली असते. आकडा मी वाचकाला सांगेन असंही नाही. तो मला माहीत असला की पुरे, कारण त्याने माझ्या पात्रांचे हात बांधले जातात.

काळाच्याच गतीवरून आठवलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते जयंत विष्णू नारळीकर होते, आद्याक्षरं उलटी करून पाठवलेले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. नावाच्या वजनाशिवाय कथा उभी राहते का, हे त्यांना पाहायचं होतं. परीक्षकांपुढे फक्त कथा होती. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण या प्रकाराचा स्वभावच त्यात आहे: कोण बोलतंय यापेक्षा काय बोललं जातंय ते तपासा.

नियम असला की काम संपत नाही, हे मला माझ्याच एका कथेने शिकवलं. सुरुवातीच्या काळात मी झोपेची गरज घालवणाऱ्या गोळीवर कथा लिहिली होती. मेंदूतली रसायनं वगैरे तीन पानं अभ्यास करून लिहिली. नायक संशोधक, रात्रभर काम करतो, एकटा पडतो, शेवटी स्वप्नांसाठी तडफडतो. एका ज्येष्ठ संपादकांनी कथा वाचली आणि एकच विचारलं, ‘ही गोळी तुझ्या नायकाच्या कामवालीला मिळाली का?’ मी म्हटलं, तिचा काय संबंध? ते म्हणाले, ‘मिळाली असेल तर ती आता किती घरची कामं धरते? गिरणीत पाळी किती तासांची झाली? रात्री शाळा भरते का? एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं आता कुठे जातात? एवढी मोठी गोष्ट जगात आणलीस आणि ती एकाच माणसाला घडली.’ मी कथा घरी नेली आणि कामवालीच्या बाजूने पुन्हा लिहिली. तिच्या पगारात वाढ झाली नव्हती, फक्त दिवस २४ तासांचा झाला होता. आजही लोक माझी तीच कथा आठवतात.

तर इथवर तीन गोष्टी झाल्या: नियम माणूस पाहून बदलत नाही, त्याची किंमत असते, आणि तो एकट्या नायकापुरता थांबत नाही. प्रकाशाहून वेगवान यान या तिन्हींत बसू शकतं. ते ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी चालतं, बिघडतं, त्याने साम्राज्यं उभी राहतात. म्हणून आपण ते उसनं देतो. उलट लखलखत्या यानांच्या आणि किरण-तलवारींच्या कितीतरी गोष्टींत शेवटी विजय होतो तो नायकाच्या रक्तात काही दैवी आहे म्हणून. त्या मला मनापासून आवडतात, पण मी त्यांना अंतराळातल्या अद्भुतकथा समजतो. मधल्या काठावरच्याही असतात, जिथे गावकरी देवीचा कोप समजतात आणि डॉक्टरला विषाणू दिसतो, आणि लेखक शेवटपर्यंत हात उघडत नाही. अशा कथांना कुठल्या रकान्यात टाकायचं यावर मी वाद घालत नाही. अद्भुतकथेची पायरी खालची आहे असंही समजू नका. पोरक्या मुलीला आईचा आवाज ऐकू येणं ही अद्भुतकथेने हजारो वर्षं सांभाळलेली गोष्ट आहे.

आता तुमचा दगड. तो मुलीला आईचा आवाज का ऐकवतो? तुमच्या सारांशावरून मला दिसतं ते असं: ती पोरकी आहे म्हणून, तिचं मन निर्मळ आहे म्हणून. दगडाला ती कोण हे माहीत आहे. तिथेच ती अद्भुतकथा झाली, मग २०८० साल असो की २८००. ‘विशिष्ट लहरी’ या शब्दांनी काही बदलत नाही. त्यांच्या जागी ‘मंत्रशक्ती’ लिहून बघा, कथेतलं एकही वाक्य हलणार नाही. ही चाचणी कुठल्याही कथेवर करता येते.

दोन रस्ते आहेत. पहिला, यंत्रमानव आणि साल काढून टाका, ही सुंदर अद्भुतकथा म्हणून लिहा आणि तशा अंकाला पाठवा. मला वाटतं ती छापून येईल.

दुसरा रस्ता मेहनतीचा आहे. दगड आवाज साठवतो असं धरा. मग तो फक्त आईचाच कसा साठवेल? ज्या किनाऱ्यावर तो पडला होता तिथला सगळाच साठवेल: लाटा, भांडणं, लिलावातली बोली, कुणाची तरी शेवटची हाक. आईचा आवाज त्या गलक्यात कुठेतरी असेल, तोही ‘बाळा’ म्हणणारा नसेल, मासळीच्या भावावरून घासाघीस करणारा असेल. मुलीला तो ओळखू येईल का? आणि गावाचं काय? दगड इतरांनाही ऐकू येत असेल तर पहिली रांग भक्तांची लागणार नाही, जमिनीच्या वादवाल्यांची लागेल. सातबाऱ्यावर कुणाचं नाव असायला हवं होतं हे साठ वर्षांपूर्वीचा आजोबा स्वतःच्या आवाजात सांगतोय. तलाठी ते मानेल का? कोर्ट मानेल का? कुणाला तरी तो दगड फोडावासा वाटेलच. आणि ऐकताना दगडातला आवाज थोडा थोडा झिजत असेल तर? मग आईचं प्रत्येक ऐकणं म्हणजे तिला थोडं पुसणं.

पुन्हा लिहायला बसाल तेव्हा मुलीपासून सुरुवात करू नका. आधी तो दगड तिच्या हातातून काढून गावातल्या सगळ्यात नावडत्या माणसाच्या कानाला लावा, आणि त्याला काय ऐकू येतं ते दोन पानं लिहून काढा. ती पानं कथेत आली नाहीत तरी चालतील. ती झाली की मला पाठवा, मी वाचीन.